दिलेला शब्द आणि फोडलेले नाव

अमेरिकेच्या राजधानीत सरकारी अधिकारी आणि बातमीदार यांच्यात जे बोलणे होते, त्याला काही अलिखित पण काटेकोर नियम असतात. ‘ऑन द रेकॉर्ड’ म्हणजे बोलणाऱ्याच्या नावानिशी छापता येईल असे, ‘बॅकग्राउंड’ म्हणजे माहिती छापावी, पण नावाऐवजी ‘प्रशासनातील एक ज्येष्ठ अधिकारी’ यासारखे दोघांनी आधी ठरवलेले वर्णन द्यावे असे, ‘डीप बॅकग्राउंड’मध्ये हे वर्णनही गाळायचे आणि माहिती बातमीदाराने जणू स्वतःच्याच अधिकारात मांडायची, आणि ‘ऑफ द रेकॉर्ड’ बोललेले छापायचेच नाही. या व्यवस्थेला नैतिक प्रतिष्ठा मिळाली ती वॉटरगेट प्रकरणामुळे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन यांनी ‘डीप थ्रोट’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राचे नाव तीन दशके गुप्त ठेवले, आणि सत्तेच्या आत बसलेला एकटा माणूस सत्तेविरुद्ध बोलतो व पत्रकार त्याच्या नावाभोवती भिंत उभी करतो, हे चित्र अमेरिकी वृत्तपत्रसृष्टीच्या मनावर कायमचे कोरले गेले. २००३ च्या उन्हाळ्यात याच भिंतीच्या आडून सत्ताधाऱ्यांनीच एका टीकाकाराच्या पत्नीची हेरखात्यातील ओळख बाहेर सोडली, तेव्हा नियम जुनाच राहिला. मात्र त्याने कोणाला कोणापासून वाचवायचे हे उलटे झाले, आणि या उलटापालटीसाठी पत्रकारांच्या आचारसंहितेत काही तरतूदच नव्हती. पुढील चार वर्षे चाललेले ‘प्लेम प्रकरण’ हा त्या अभावाचा इतिहास आहे.

हेरांची नावे फोडणे हा गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेत तुलनेने उशिरा, १९८२ साली झाला, आणि त्याची पार्श्वभूमी समजल्याशिवाय पुढचा भाग नीट उलगडत नाही. फिलिप एगी हे सीआयए या मध्यवर्ती हेरखात्यातून बाहेर पडलेले अधिकारी. लॅटिन अमेरिकेतील आपल्या नोकरीविषयी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी सहकारी, हस्तक आणि आडोशाला उभ्या केलेल्या संस्था यांची लांबलचक यादी दिली. त्याच वर्षी २३ डिसेंबरला अथेन्समधील सीआयएचे प्रमुख रिचर्ड वेल्च यांची त्यांच्या घरासमोर हत्या झाली. त्यांचे नाव आधी ‘काउंटरस्पाय’ या मासिकात आणि नंतर अथेन्समधील एका इंग्रजी दैनिकात छापून आले होते. वेल्च राहत होते ते घर सीआयएच्या प्रमुखांचे म्हणून शहरात आधीपासून ठाऊक होते, त्यामुळे छापील नावामुळेच त्यांचा जीव गेला असे ठामपणे म्हणणे कठीण आहे. पण राजकारणात असल्या बारकाव्यांना फारसे मोल नसते. त्या संतापातून जन्मलेल्या ‘गुप्तहेर ओळख संरक्षण कायद्या’ने जबाबदारीच्या पायऱ्या पाडल्या. ज्याला हेराची ओळख अधिकृतपणे कळवली गेली आहे त्याने ती जाणूनबुजून फोडली तर दहा वर्षांपर्यंत कैद. बाहेरच्या माणसाला, म्हणजे पत्रकारालाही, शिक्षा व्हायची तर तो हेरांची नावे उघड करण्याचा उद्योग सातत्याने करत असल्याचे सिद्ध व्हावे लागे. शिवाय ती व्यक्ती खरोखर गुप्त काम करते आणि सरकार तिची ओळख लपवण्यासाठी झटते आहे, हे फोडणाऱ्याला माहीत असले पाहिजे. एगीसारख्या माणसाला पकडण्यासाठी बेतलेला हा कायदा सत्तेच्या वरच्या मजल्यावरून, बोलता बोलता सोडलेल्या नावाला लागू करणे अवघड जाणार होते.

प्रकरणाचे मूळ पश्चिम आफ्रिकेतील नायजर या देशात आहे. इराकने नायजरकडून ‘यलोकेक’, म्हणजे खनिजावर प्राथमिक प्रक्रिया करून मिळणारे युरेनियमचे संयुग, विकत घेण्याचा करार केल्याची खबर इटलीच्या हेरखात्याकडून आली होती. उपाध्यक्ष डिक चेनी यांनी तिच्याविषयी विचारणा केल्यावर सीआयएने फेब्रुवारी २००२ मध्ये जोसेफ विल्सन यांना तिकडे पाठवले. विल्सन यांनी तरुणपणी नायजरमधील वकिलातीत काम केले होते, पुढे ते गॅबनमध्ये राजदूत होते आणि १९९० साली कुवेतवरील आक्रमणानंतर बगदादमधील अमेरिकी वकिलातीचा कारभार त्यांनीच सांभाळला होता. खाणींवर फ्रेंच कंपनीचा वरचष्मा आणि आंतरराष्ट्रीय देखरेख असताना असा सौदा गुपचूप होणे जवळजवळ अशक्य, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही २८ जानेवारी २००३ च्या भाषणात अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ब्रिटिश सरकारचा हवाला देऊन इराक आफ्रिकेत युरेनियम शोधत असल्याचे सांगितले. ते वाक्य इंग्रजीत अवघे सोळा शब्दांचे होते आणि पुढे ते ‘सोळा शब्द’ म्हणूनच गाजले. मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने या कराराची कागदपत्रे बनावट असल्याचे जाहीर केले. त्यांतील ऑक्टोबर २००० च्या एका पत्रावर १९८९ मध्येच पायउतार झालेल्या परराष्ट्रमंत्र्याची सही होती, यावरून बनावटीचा दर्जा कळावा. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत युद्ध सुरू झाले.

इराकमध्ये संहारक अस्त्रे सापडेनात, तेव्हा विल्सन बोलू लागले. पण गंमत अशी की तेही आधी निनावीच बोलले. मे महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील निकोलस क्रिस्टॉफ यांच्या स्तंभात आणि जूनमध्ये वॉल्टर पिंकस यांच्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’मधील बातमीत एका अनाम माजी राजदूताचा उल्लेख आला. उपाध्यक्षांच्या कार्यालयात या राजदूताची चौकशी सुरू झाली, आणि त्याची पत्नी सीआयएच्या अण्वस्त्रप्रसारविरोधी विभागात काम करते हे स्वतः चेनी यांनीच जूनमध्ये आपले मुख्याधिकारी लुईस लिबी यांना सांगितले, असे पुढे खटल्यात लिबींच्याच टिपणांवरून दिसून आले. ६ जुलै २००३ रोजी विल्सन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये स्वतःच्या नावाने लेख लिहिला. त्या लेखाचे कात्रण चेनी यांनी जपून ठेवले आणि त्याच्या माथ्यावर हाताने प्रश्न लिहिले: एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधायला राजदूताला पाठवण्याची पद्धत आहे का, फुकट काम करायला आपण माणसे पाठवतो का, की बायकोनेच नवऱ्याला ही सहल मिळवून दिली? पत्नीचा मुद्दा येथे कशासाठी आला हे या शेवटच्या प्रश्नातून स्पष्ट होते. विल्सन यांची मोहीम म्हणजे घरगुती वशिल्याची सहल ठरली की तिचा निष्कर्षही आपोआप हलका होणार होता. विल्सन यांचे नाव पत्नीने सुचवले होते, असे सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने पुढे २००४ मध्ये नमूद केले, आणि विल्सन यांनी ही गोष्ट झाकण्याचा जो प्रयत्न केला त्याने त्यांच्या बाजूचेच नुकसान झाले. पण नाव कोणी सुचवले याचा यलोकेकच्या खरेखोटेपणाशी काडीचा संबंध नव्हता.

लेखानंतरच्या आठवडाभरात जे घडले ते तासातासाने न्यायालयापुढे मांडले गेले. ७ जुलैला लिबींनी व्हाइट हाउसचे प्रवक्ते आरी फ्लायशर यांच्याबरोबर जेवताना विल्सन यांच्या पत्नीचा विषय काढला, अशी साक्ष फ्लायशर यांनी दिली. ८ जुलैच्या सकाळी लिबी सेंट रेजिस हॉटेलात ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ज्युडिथ मिलर यांना भेटले, इराकच्या अस्त्रांविषयीच्या एका गोपनीय अहवालातील भाग त्यांना सांगण्याची परवानगी अध्यक्षांनीच उपाध्यक्षांमार्फत दिली होती, असे लिबींनी शपथेवर सांगितले. म्हणजे सरकारने स्वतःचेच गुपित, इतर मंत्र्यांना पत्ता न लागू देता, एका बातमीदारापुरते खुले केले होते. याच भेटीत लिबींनी आपला उल्लेख ‘प्रशासनातील ज्येष्ठ अधिकारी’ असा न करता ‘काँग्रेसचा माजी कर्मचारी’ असा करावा, अशी अट घातली आणि मिलर यांनी ती मान्य केली. लिबींनी एकेकाळी काँग्रेसच्या समितीवर काम केले होते, त्यामुळे वर्णन शब्दशः खोटे नव्हते; पण ते छापले असते तर टीका व्हाइट हाउसच्या दारातून येत आहे हे वाचकाला कधीच कळले नसते. सूत्राचे वर्णन वाचकाला त्याचा हेतू जोखता यावा म्हणून द्यायचे असते, आणि येथे ते नेमके त्याच कामासाठी निरुपयोगी करून घेतले जात होते. मिलर यांनी या विषयावर बातमी लिहिलीच नाही. मात्र त्यांच्या वहीत विल्सन यांच्या पत्नीचे, म्हणजे व्हॅलेरी प्लेम यांचे, नाव ‘व्हॅलेरी फ्लेम’ असे चुकीचे टिपलेले पुढे सापडले, आणि ते कोणाकडून आले हे त्यांना आठवेना.

त्याच दिवशी परराष्ट्र खात्यात उपमंत्री रिचर्ड आर्मिटेज यांनी ज्येष्ठ स्तंभलेखक रॉबर्ट नोव्हाक यांना हीच गोष्ट सांगितली. आर्मिटेज युद्धाविषयी साशंक असलेल्या गटातले, आणि विल्सन यांच्याविरुद्ध कट करण्याचे त्यांना काही कारण नव्हते. ते सवयीने, चघळायला मिळालेली गोष्ट म्हणून बोलले असावेत असेच एकूण पुराव्यावरून दिसते. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचे राजकीय सल्लागार कार्ल रोव्ह यांनी नोव्हाक यांना दुजोरा दिला, आणि ११ जुलैला रोव्ह यांनीच ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मॅथ्यू कूपर यांना त्याच सुराने सावध केले. सीआयएच्या प्रवक्त्याने नाव छापू नये अशी विनंती नोव्हाक यांना केली होती. ती पुरेशी निकराची नव्हती असे नोव्हाक यांचे म्हणणे. प्लेम हे माहेरचे आडनाव त्यांना ‘हूज हू’ या चरित्रकोशातील विल्सन यांच्या नोंदीत मिळाले. १४ जुलै २००३ रोजी त्यांचा स्तंभ छापून आला आणि त्यात प्रशासनातील दोन ज्येष्ठ अधिकाऱ्यांच्या हवाल्याने व्हॅलेरी प्लेम या सीआयएच्या हस्तक असल्याचे एका वाक्यात सांगितले होते.

त्या एका वाक्याने काय गमावले याचा अंदाज बाहेरच्यांना हळूहळू आला. प्लेम यांनी कारकिर्दीचा काही काळ ‘नॉन-ऑफिशियल कव्हर’खाली काढला होता, म्हणजे वकिलातीचा आसरा आणि राजनैतिक संरक्षण न घेता खासगी कंपनीची नोकरदार म्हणून वावरत. १९९९ मध्ये त्यांनी अल गोर यांच्या प्रचाराला एक हजार डॉलर दिले तेव्हा नियमाप्रमाणे नोंदवलेले मालकाचे नाव ‘ब्रूस्टर जेनिंग्ज’ असे होते. ही नोंद सार्वजनिक असल्याने प्लेम यांचे नाव फुटल्यावर ती शोधून काढायला कोणालाही वेळ लागला नाही, आणि ऑक्टोबर २००३ मध्ये ती कंपनी सीआयएचाच आडोसा असल्याचे छापून आले. त्या नावाखाली आणखी कोण कोठे वावरले होते, याचा माग काढण्याचे साधन अशा रीतीने जगभरच्या हेरखात्यांच्या हाती पडले. प्लेम यांची नोकरी केवळ टेबलावरची होती, असा युक्तिवाद प्रशासनाचे समर्थक वर्षानुवर्षे करत राहिले. २००७ मध्ये न्यायालयात दाखल झालेल्या सारांशात मात्र त्या इराकच्या अस्त्रांसंबंधीच्या एका गटाच्या प्रमुख होत्या आणि २००२ पासून त्यांनी ओळख लपवून परदेशात प्रवास केला होता, असे नमूद आहे.

सीआयएच्या तक्रारीवरून तपास सुरू झाला. डिसेंबर २००३ च्या अखेरीस ॲटर्नी जनरल जॉन ॲशक्रॉफ्ट यांनी स्वतःला त्यातून बाजूला केले आणि शिकागोचे सरकारी वकील पॅट्रिक फिट्झजेराल्ड यांची विशेष नेमणूक झाली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आर्मिटेज यांनी ऑक्टोबरमध्येच तपासयंत्रणेला आपली चूक सांगितली होती, म्हणजे नोव्हाक यांचे पहिले सूत्र कोण हे फिट्झजेराल्ड यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. वाचकांना मात्र ते २००६ च्या उन्हाळ्याअखेरपर्यंत अधिकृतपणे कळले नाही. तपास चालू राहिला तो लिबींच्या जबाबामुळे. विल्सन यांच्या पत्नीविषयी आपल्याला १० जुलैच्या सुमारास ‘एनबीसी’ वाहिनीच्या टिम रसर्ट यांच्याकडून कळले आणि तीच पत्रकारांत पसरलेली वदंता आपण पुढे सांगितली, असे त्यांनी म्हटले होते. अधिकृत मार्गाने कळलेले गुपित फोडणे आणि पत्रकाराकडून ऐकलेली कुजबुज पुढे सांगणे यांत कायद्याने जमीनअस्मानाचे अंतर होते. लिबींचे म्हणणे खरे की खोटे हे सांगू शकणारे साक्षीदार सगळे पत्रकार, आणि त्यांनी तोंड न उघडण्याचा शब्द दिलेला.

या शब्दाला कायद्याचा आधार किती, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रँझबर्ग विरुद्ध हेज’ या खटल्यात २९ जून १९७२ रोजी, वॉटरगेटच्या घरफोडीनंतर बारा दिवसांनी, पाच विरुद्ध चार मतांनी निकालात काढला होता: ग्रँड ज्युरी, म्हणजे आरोप ठेवावेत की नाही हे ठरवणारे नागरिकांचे मंडळ, विचारेल तेव्हा पत्रकारालाही इतर नागरिकांप्रमाणे उत्तर द्यावे लागेल. बहुतेक राज्यांनी पत्रकारांना या ना त्या स्वरूपाचे संरक्षण दिले असले तरी केंद्रीय पातळीवर तसा कायदा नव्हता. (भारतात १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याने कौन्सिलपुढील कामकाजात पत्रकारावर सूत्र सांगण्याची सक्ती होऊ शकत नाही, पण हे कवच न्यायालयाच्या दाराशीच संपते.) फेब्रुवारी २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने कूपर आणि मिलर यांचे अपील फेटाळले. त्यातील न्यायमूर्ती डेव्हिड टेटल यांचे सहमतीचे निकालपत्र या साऱ्या वादातले सर्वांत विचारी लेखन म्हणावे लागेल. सूत्र गुप्त ठेवण्याचा अधिकार त्यांनी तत्त्वतः मान्य केला. पण फोडलेल्या माहितीने झालेली हानी एका पारड्यात आणि तिचे बातमीमूल्य दुसऱ्या पारड्यात घालून तो तोलला पाहिजे, असे म्हणून त्या तराजूत या फोडाफोडीचे वजन अपुरे पडते असे दाखवले. सत्तेचे दुष्कृत्य उघड करणारी फोडाफोडी आणि स्वतःच दुष्कृत्य असलेली फोडाफोडी यांतला फरक अखेर एका न्यायाधीशाने मांडला, वृत्तपत्रांनी नव्हे. आणि त्या निकालपत्राची आठ पाने गोपनीयतेसाठी कोरी छापली गेली.

३१ मे २००५ रोजी ‘डीप थ्रोट’ म्हणजे एफबीआयचे तेव्हाचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी मार्क फेल्ट, हे जाहीर झाले आणि वृत्तपत्रे त्या जुन्या निष्ठेच्या गौरवात न्हाऊन निघाली. जूनअखेर सर्वोच्च न्यायालयाने प्लेम प्रकरणातील पत्रकारांचे अपील ऐकण्यास नकार दिला. ‘टाइम’च्या मालक कंपनीने कूपर यांच्या नोंदी परस्पर सरकारी वकिलाच्या स्वाधीन केल्या, आणि रोव्ह यांच्याकडून मोकळीक मिळाल्यावर कूपर साक्षीस तयार झाले. मिलर ६ जुलै २००५ रोजी अलेक्झांड्रियाच्या तुरुंगात गेल्या आणि तेथे ८५ दिवस राहिल्या. त्यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण युद्धापूर्वी इराकच्या अस्त्रांविषयी अनाम अधिकाऱ्यांच्या भरवशावर त्यांनी दिलेल्या बातम्या फोल ठरल्या होत्या, अशा वार्तांकनाबद्दल ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला मे २००४ मध्ये वाचकांपुढे कबुली द्यावी लागली होती, आणि आता त्या ज्याच्यासाठी तुरुंगात होत्या तो युद्धाच्या प्रमुख पुरस्कर्त्यांपैकी एक होता. सप्टेंबरमध्ये लिबींनी पत्र लिहून आणि फोनवरून त्यांना शब्दातून मुक्त केले. पश्चिमेकडील ॲस्पेन वृक्षांची पाने आता रंग बदलत असतील आणि ती झुबक्याने बदलतात कारण त्यांची मुळे जोडलेली असतात, या त्या पत्रातील मजकुराचा अर्थ लावण्यात वॉशिंग्टनने बरेच दिवस घालवले. नोव्हेंबरमध्ये आणखी एक धक्का बसला. वुडवर्ड यांना हीच गोष्ट आर्मिटेज यांच्याकडून जून २००३ मध्येच, सर्वांच्या आधी कळली होती, आणि आपल्या संपादकांनाही न सांगता ते दोन वर्षे दूरचित्रवाणीवर या तपासाची टिंगल करत होते. त्यांनी संपादकांची माफी मागितली.

लिबींवर ऑक्टोबर २००५ मध्ये न्यायात अडथळा, खोटी साक्ष आणि खोटा जबाब यांचे पाच आरोप ठेवले गेले. नाव फोडल्याचा आरोप कोणावरच नव्हता. जानेवारी ते मार्च २००७ मध्ये न्यायमूर्ती रेगी वॉल्टन यांच्यापुढे चाललेल्या खटल्यात नोव्हाक, वुडवर्ड, पिंकस, मिलर, कूपर, रसर्ट असे नामवंत एकामागून एक साक्षीला उभे राहिले, आणि राजधानीतल्या बातम्या कशा शिजतात हे देशाला प्रथमच शपथेवर ऐकायला मिळाले. उपाध्यक्षांच्या जनसंपर्क अधिकारी कॅथी मार्टिन यांच्या टिपणांत बचावाचे पर्याय मांडले होते: उपाध्यक्षांना रसर्ट यांच्या ‘मीट द प्रेस’ कार्यक्रमात पाठवावे, कारण तेथे आपले म्हणणे आपल्या ताब्यात राहते, किंवा निवडक बातमीदाराकडे माहिती सोडावी. कडक मुलाखतकार म्हणून ख्याती असलेल्या रसर्ट यांनी या कार्यक्रमाविषयीचा हा अभिप्राय कसा ऐकला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. त्यांनी स्वतः सांगितले की लिबींशी प्लेम यांच्याविषयी आपले बोलणे झालेच नाही. आणि उलटतपासणीत असेही सांगितले की ज्येष्ठ अधिकाऱ्यांचे फोनवरचे बोलणे आपण आपणहून गोपनीय मानतो, छापायचे असेल तर परवानगी विचारतो. एरवी सूत्राने मागून घ्यायचे अभय सत्तेच्या वरच्या मजल्यावर न मागताच मिळत होते. तेच रसर्ट २००३ मध्ये एफबीआयच्या अधिकाऱ्याशी मात्र फोनवर मोकळेपणाने बोलले होते, आणि पुढल्या वर्षी समन्स आल्यावर त्याच संभाषणाच्या गोपनीयतेसाठी त्यांची वाहिनी न्यायालयात लढली, हेही तेव्हाच बाहेर आले.

६ मार्च २००७ रोजी लिबी पाचपैकी चार आरोपांत दोषी ठरले. जूनमध्ये त्यांना ३० महिने कैद आणि अडीच लाख डॉलर दंड झाला; २ जुलैला बुश यांनी कैद रद्द केली, दंड ठेवला; एप्रिल २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी पूर्ण माफी दिली. लिबी एक दिवसही तुरुंगात गेले नाहीत. प्लेम यांनी सीआयए सोडली, चेनी व इतरांविरुद्धचा त्यांचा दिवाणी दावा न्यायालयाने फेटाळला, आणि विल्सन कुटुंब न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे राहायला गेले.

१९८२ च्या कायद्याची पुन्हा आठवण झाली ती २०१२ मध्ये. सीआयएचे माजी अधिकारी जॉन किरियाकू यांनी २००७ साली दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत, कैद्यांना पाण्याने गुदमरवण्याची पद्धत वापरली गेल्याचे मान्य केले होते. पुढे एका गुप्त अधिकाऱ्याचे नाव एका पत्रकाराला कळवल्याबद्दल त्यांच्यावर या कायद्याखाली खटला भरला गेला, आणि तो तपास फिट्झजेराल्ड यांच्याच हाती होता. पत्रकाराने ते नाव छापले नव्हते. किरियाकू यांनी गुन्हा कबूल केला, त्यांना जानेवारी २०१३ मध्ये ३० महिन्यांची शिक्षा झाली आणि ती भोगण्यासाठी ते पेनसिल्वेनियातील लोरेटो तुरुंगात गेले. या वेळी कोणाही पत्रकाराला शब्द मोडण्यासाठी तुरुंगात टाकावे लागले नाही. किरियाकू यांच्या ईमेल खात्यांची झडती घेण्याचे वॉरंट पुरेसे झाले.